बर्फाखालच्या सरोवरांची मोजमापे: मोहिमेपूर्वीची तयारी

अंटार्क्टिकातील मॅकमर्डो कोरड्या खोऱ्यांपैकी टेलर खोऱ्यात बॉनी, होअर आणि फ्रिक्सेल ही सरोवरे आहेत. त्यांच्यावर साधारण तीन ते सहा मीटर जाडीचे बर्फ बारमाही असते आणि १९९३ पासून अमेरिकेच्या दीर्घकालीन परिसंस्था संशोधन कार्यक्रमाखाली त्यांची नियमित मोजमापे होत आली आहेत. अशा कामात माणसे बदलतात, उपकरणे बदलतात, नोंदमालिका मात्र एकच राहावी लागते. त्यामुळे तयारीचा आरंभ सामान बांधण्यापासून न करता मागील हंगामांच्या नोंदवह्या वाचण्यापासून करावा. कोणत्या ठिकाणी, कोणत्या खोलीवर, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या क्रमाने मोजले गेले, याचा तक्ता पथकातील प्रत्येकाच्या हाती निघण्यापूर्वीच असावा.

सर्वांत अधिक वेळ खोलीच्या संदर्भपातळीवर खर्च करावा, कारण येथील चूक नंतर कोणत्याही गणिताने नीट भरून निघत नाही. तरंगणाऱ्या बर्फाचा सुमारे एक दशांश भाग पाण्याच्या वर राहतो, म्हणजे चार मीटर जाड बर्फाला भोक पाडले की पाणी पृष्ठभागाच्या जवळजवळ चाळीस सेंटिमीटर खाली येऊन थांबते. खोली बर्फाच्या पृष्ठभागापासून मोजायची की भोकातील पाण्याच्या पातळीपासून, हे आधीच ठरलेले असले पाहिजे, आणि ती पाण्याच्या पातळीपासूनच मोजावी. बर्फाचा पृष्ठभाग उन्हा-वाऱ्याने झिजत असतो, तळाशी नवे बर्फ गोठत असते. असा हलता पृष्ठभाग संदर्भ म्हणून उपयोगाचा नाही. बर्फाची जाडी मात्र ड्रिलने पाडलेल्या ताज्या भोकातच मोजून घ्यावी, कारण उष्णतेने भोक रुंद केल्यावर त्याच्या खालच्या कडा वितळतात आणि जाडी प्रत्यक्षापेक्षा कमी भरते.

याला जोडूनच सरोवराच्या पातळीचे सर्वेक्षण येते. ही पातळी काठावरील पक्क्या खुणांपासून मोजण्यासाठी लागणारे साहित्य आणि त्या खुणांची उंची सोबत असलीच पाहिजे. १९०३ मध्ये ब्रिटिश शोधक रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीने बॉनी सरोवराच्या अरुंद भागाची रुंदी मोजून ठेवली होती. त्या एका मापामुळेच पुढच्या संशोधकांना सरोवर तेव्हापासून कितीतरी मीटर वर आले आहे हे सांगता आले. या सरोवरांचे पाणी वरपासून खालपर्यंत ढवळले जात नाही, त्यामुळे खालचे खारट थर आपल्या जागीच राहतात आणि वरचे गोडे पाणी वाढते. पातळीची नोंद नसेल, तर जागच्या जागी असलेला थर खाली सरकल्याचा भास होतो, आणि जेथे एका मीटरच्या अंतरात क्षारता व प्राणवायू झपाट्याने बदलतात, तेथे अर्ध्या मीटरचा घोळही निष्कर्ष उलटवू शकतो.

भोक पाडण्यासाठी ड्रिल, त्याचे जोडदांडे आणि सुटे पाते घ्यावे. भोक रुंद करण्यासाठी तांब्याच्या वेटोळ्यांतून गरम ग्लायकॉल (सहज न गोठणारा द्रव) फिरवणारे वितळयंत्र वापरत असल्यास त्याच्या नळ्यांचे सांधे निघण्यापूर्वी दाब देऊन तपासावेत. इंधन आणि ग्लायकॉल यांच्या खाली गळती धरणारे तसराळे आणि शोषक कापड असावे. बर्फावर सांडलेला थेंब शेवटी पाण्यातच जातो.

प्रकाशाची तयारी अनेकदा दुर्लक्षित राहते. बर्फाखाली पोहोचणारा प्रकाश पृष्ठभागावरील प्रकाशाच्या अगदी थोड्या टक्क्यांइतका असतो आणि तेथील शैवाले त्या अंधुकपणालाच सरावलेली असतात. म्हणून भोकावर टाकायचे अपारदर्शक झाकण, गडद बाटल्या आणि नमुने झाकण्याचे काळे कापड ही आवश्यक साधने मानावीत. ठरावीक खोलीवर बंद होऊन तेथले पाणी वर आणणाऱ्या निस्किन बाटलीतून काढलेले पाणी चोवीस तासांच्या उन्हात क्षणभर उघडे राहिले, तरी जिवंत पेशींवर त्याचा परिणाम होतो. याउलट गोठण्याचा धोकाही तेवढाच आहे: जिवंत नमुने उष्णतारोधक पेट्यांत ठेवावेत, क्लोरोफिल मोजण्यासाठी पाणी गाळलेले गाळणकागद मात्र फॉइलमध्ये गुंडाळून लगेच गोठवावेत, आणि या दोन पेट्यांवरील चिठ्ठ्या दुरून वाचता येतील इतक्या मोठ्या असाव्यात. प्राथमिक उत्पादनाच्या (शैवाले प्रकाशावर किती सेंद्रिय पदार्थ बनवतात याच्या) प्रयोगांसाठी रेडिओकार्बन, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, वापरले जात असल्यास, नैसर्गिक रेडिओकार्बनचे नमुने घेणाऱ्या साहित्याशी त्याचा कोणत्याही टप्प्यावर संपर्क येऊ देऊ नये. तंबू, हातमोजे, पेट्या सर्व वेगळे ठेवावेत.

तापमान, क्षारता आणि प्रकाश मोजणाऱ्या संवेदकांचे कॅलिब्रेशन (ज्ञात मापाशी ताडून पाहणे) हंगामापूर्वी आणि हंगामानंतर अशा दोन्ही वेळी करावे, कारण एकाच वेळच्या कॅलिब्रेशनवरून उपकरण मध्ये कधी भरकटले हे कळत नाही. नवे उपकरण आणायचे असेल, तर जुने टाकून न देता किमान एक हंगाम दोन्ही एकाच भोकातून, एकाच खोलीवर चालवावीत. २००१-०२ च्या उष्ण उन्हाळ्यात हिमनद्या मोठ्या प्रमाणावर वितळल्या, ओढ्यांना पूर आला आणि सरोवरांची पातळी वाढली. आधीची अनेक वर्षे एकाच मापाने मोजलेली होती, म्हणूनच त्या वर्षाचे वेगळेपण निःशंकपणे दाखवता आले.

परवाने, कचरा परत नेण्याची व्यवस्था आणि ही खोरी ज्यात येतात त्या विशेष व्यवस्थापन क्षेत्राचे नियम यांची तपासणी निघण्यापूर्वीच संपवावी. मैला आणि सांडपाणीदेखील खोऱ्याबाहेर न्यावे लागते, त्यामुळे डबे मोजूनच घ्यावेत. एका सरोवरात बुडवलेली दोरी किंवा बाटली दुसऱ्यात जाणार असेल, तर धुण्यासाठी आणि वाळवण्यासाठी वेळापत्रकात जागा ठेवावी. शक्य असेल तेथे प्रत्येक सरोवराचा संच स्वतंत्रच असावा.

पहिले मोजमाप ओढे वाहू लागण्यापूर्वी व्हायला हवे. उन्हाळा पुढे सरकला की काठालगतचे बर्फ वितळून पाण्याचा पट्टा तयार होतो, सरोवरावर चालत जाणे धोक्याचे होते, आणि तेव्हा होडी, तरंगते जाकीट व दोर लागतात. जड सामान त्याआधीच बर्फावर पोहोचवावे आणि ते परत आणण्याची तारीखही त्याच हिशेबाने धरावी. नोंदवहीत शेवटची दोन पाने मोकळी ठेवून त्यांवर त्या हंगामात कोणती मोजमापे राहिली आणि का राहिली, हे पुढच्या पथकासाठी स्पष्ट लिहावे. रिकाम्या रकान्यामागचे कारण नोंदलेले नसेल, तर तो रकाना शून्य म्हणून वाचला जाण्याची शक्यता राहते.