जंगलाची इकॉलॉजी शिकवताना या चुका टाळा

पाऊस लागला की नाशिकच्या कॉलेजांच्या बस अंजनेरी, ब्रह्मगिरीकडे निघतात. सहल छान होते, पण पानझडी जंगल फक्त हिरवं असताना दाखवून कसं चालेल? त्याच वर्गाला मार्चमध्ये पेठ-हरसूलकडे पुन्हा न्या. पानं नसली की मुलांची नजर सालीवर जाते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली आणि धावड्याची फिकट, गुळगुळीत, हे तेव्हाच लक्षात राहतं.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे पायवाटेला चिकटून क्वाड्राट, म्हणजे झाडं मोजायला आखलेले चौकोन, टाकणं. एका वर्षी एम.एस्सी.च्या गटाने १० बाय १० मीटरचे दहा क्वाड्राट दुपारच्या जेवणाआधीच उरकले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. अहवालात निष्कर्ष होता की या डोंगरावर घाणेरी या झुडपाचंच राज्य आहे. दहाही चौकोन वाटेच्या काठाला! तिथे ऊन पोचतं, गुरं फिरतात, सरपणाला झाडं तुटतात, म्हणून घाणेरी माजते. दुसऱ्या दिवशी आम्ही आत शिरलो. साग, ऐन, मोह मिळाले, घाणेरी तुरळक. तेव्हापासून मी निघण्याआधी वर्गातच नकाशावर चौकटी आखतो आणि मुलांना चिठ्ठ्या काढायला लावतो. कडा सोडून जी चौकट निघेल तिथे जायचंच, काटे लागले तरी. दिवसाला तीनच क्वाड्राट झाले तरी मला चालतात.

दुसरी चूक टेपची. जमिनीपासून १.३७ मीटरवर, उतारावर असाल तर चढाच्या बाजूने, टेप गुंडाळून जो मिळतो तो घेर. मुलं तो आकडा सरळ 'व्यास' म्हणून लिहितात. ९४ सेंमी घेराच्या सागाचा व्यास सुमारे ३० सेंमी, खोडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस मीटर. ९४ हाच व्यास धरला तर ते ०.६९, म्हणजे जवळजवळ दहापट! वर्षभराचा प्रोजेक्ट यात वाया गेलेला मी पाहिला आहे. तक्त्यात मी 'माप' हा शब्दच ठेवू देत नाही, 'घेर, सेंमी' असं पूर्ण लिहायला लावतो. व्यासासाठी ३.१४ ने भागाकार घरी गेल्यावर.

गवतालाही १० मीटरचाच चौकोन लावू नका, १ बाय १ पुरे.

झाड ओळखायला पहिल्याच मिनिटाला मोबाईल काढू देऊ नका. सागाचं कोवळं पान चुरगाळलं की बोटं लाल होतात, हे ॲप सांगत नाही. गावातल्या आजींना विचारा, आणि त्यांनी सांगितलेलं नाव वहीत शास्त्रीय नावाच्या शेजारी लिहा.