मुलांच्या बचतीत या चुका टाळा : एका आरडी एजंटकडून

पुण्यात पर्वती, सहकारनगर, धनकवडी या भागात मी पोस्टाच्या आरडीचे (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायच्या बचत खात्याचे) हप्ते गोळा करते, महिला प्रधान योजनेची एजंट आहे. दर महिन्याला घराघरात जाणं होतं आणि त्याच त्या चुका बघून आता जीव कंटाळलाय, म्हणून लिहितेय.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे मुलांच्या ओवाळणीचे, वाढदिवसाचे पैसे "दे इकडे, ठेवते मी" म्हणून घ्यायचे आणि मग ते घरखर्चात जिरवायचे. एका घरी चौथीतल्या मुलीच्या नावाने दोनशेची आरडी होती, सही वडिलांची. पण पोरगी इतकी गोड, हप्ता स्वतः मोजून द्यायची, कार्डावर माझी सही झाली की नाही वाकून बघायची. तीन वर्षं झाल्यावर वडिलांनी नव्या गाडीच्या डाउनपेमेंटसाठी खातं मोडलं आणि तिला कुणी सांगितलंच नाही. पुढच्या महिन्यात दारात दोनशे रुपये घेऊन उभी, काकू कार्ड काढा ना. आई आतूनच म्हणाली, अगं ते बंद केलं आपण. त्यानंतर त्या मुलीच्या हातात पैसे आले की त्याच दिवशी तुळशीबागेत संपतात आणि आता आई मला सांगते की ती उधळी निघाली. उधळी नाहीये हो ती, साठवलेले पैसे मोठी माणसं घेतात एवढंच ती शिकलीय.

आणि मुदतीआधी मोडलं म्हणून व्याजही फक्त बचत खात्याचं 4 टक्के मिळालं. अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलाच्या खात्यातून पैसे काढताना पालक लिहून देतात की ही रक्कम मुलाच्याच वापरासाठी हवीय, ते तरी सही करताना वाचत जा.

मी काय सांगते, मूल 10 वर्षांचं झालं की पोस्टात त्याच्या स्वतःच्या सहीने चालणारं खातं काढा, पासबुक त्याच्याच कप्प्यात ठेवा. घरात अडचण आली तर त्याला विचारा, वहीत उसने म्हणून लिहा, परत कधी देणार ती तारीखही लिहा आणि त्या तारखेला खरंच द्या. मुलं नाही म्हणत नाहीत, फक्त विचारावं लागतं.

दुसरं, सुकन्या समृद्धी, म्हणजे मुलीच्या नावाने काढायचं सरकारी बचत खातं. अर्ध्या लोकांना वाटतं मुलगी 21 ची झाली की पैसे मिळतात. नाही! खातं उघडल्यापासून 21 वर्षं. मुलगी आठ वर्षांची असताना काढलं तर ती 29 ची होईपर्यंत, भरायचे मात्र पहिली 15 वर्षंच. शिक्षणासाठी 18 नंतर किंवा दहावी झाल्यावर निम्म्यापर्यंत काढता येतात, लग्नासाठी 18 नंतर खातं बंदही करता येतं, पण हे सगळं आधी माहीत हवं ना, नाहीतर ॲडमिशनच्या वेळी धावपळ. वर्षाला किमान 250 चुकले तर 50 रुपये दंड. आणि मुलगी 10 ची झाली की नवीन खातं निघतच नाही, "बघू पुढच्या वर्षी" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आरडीचा हप्ता चुकला तर शंभरामागे महिन्याला रुपया दंड, लागोपाठ चार चुकले तर खातं बंद पडतं, तेव्हा झेपेल तेवढ्याचीच काढा. पाचशेची काढून दमण्यापेक्षा शंभरची पाच वर्षं नीट चालवा.

शाळेच्या फीचे पैसे भिशीत घालू नका.

आईबाबांचा यूपीआय पिन मुलाला सांगू नका, गेममध्ये गेलेले पैसे परत मिळवणं फार कठीण.

हल्ली काही पालक आठवीतल्या मुलाला शेअर मार्केट शिकवायला निघालेत आणि मला विचारतात की पैसे लवकर डबल कशात होतील. अहो, त्याला आधी मंडईत पाठवा, दोनशेची भाजी आणू दे, उरलेले सुट्टे मोजून हिशोब लिहू दे. ते चार-सहा महिने जमलं की मग बाकीचं बोलू.

मूल 18 चं झालं की त्याच महिन्यात पोस्टात जाऊन नवी सही आणि केवायसी करून घ्या, आधार-पॅनवरचं नाव सारखंच आहे ना तेही त्याआधी तपासा.