१ मार्च: आमच्या अंगणातला सेंट डेव्हिडचा दिवस

माझी लेक ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, कार्डिफला नर्स आहे. तिच्यापायी दर १ मार्चला दर्यापूरकडच्या आमच्या गावातही सेंट डेव्हिडचा दिवस होतो. तुमचंही कोणी तिकडं असेल, तर असा करा.

पोट्ट्यांना आधी वेल्सचे हे संत डेव्हिड कोण ते सांगा. वेल्श भाषेत त्यांचं नाव देवी. शेजारच्या पोरीनं विचारलं, "काकू, मंग ते बाई होते का?" नाही, सहाव्या शतकातले साधू. ही त्यांची पुण्यतिथी. प्रवचनात मागच्यांना दिसेना, तर पायाखालची जमीन वर येऊन टेकडी झाली, अशी कथा आहे. "लहान लहान गोष्टी करत राहा" हा त्यांचा अखेरचा उपदेश तिथं सगळ्यांना पाठ आहे.

त्या दिवशी तिकडं छातीवर पिवळं डॅफोडिल नाहीतर लीक, म्हणजे जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी, लावतात. आपण झेंडू लावावा, पातीचा कांदाही चालतो.

खरा जीव ओता वेल्श केकमध्ये. २२५ ग्रॅम मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, चिमूटभर जायफळ. त्यात ११० ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळा, रव्यासारखं झालं पाहिजे. मग ७५ ग्रॅम साखर, मूठभर बेदाणे, एक अंडं. गोळा मऊ हवा, पण मळत बसू नका, केक चिवट होतात. अर्ध्या बोटाएवढं जाड लाटून गिलासाच्या काठानं गोल कापा.

हे भट्टीत नाही, तव्यावरच होतात. तिकडं त्यासाठी जाड लोखंडी तवा असतो, आपल्या भाकरीच्या तव्याचाच भाऊ. पहिल्या वर्षी मी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर टाकले, वरून काळे, आतून कच्चे. पऱ्हाटी भडकते. जाळ ओढून घ्या, निखाऱ्यावर दोन्ही बाजू तीन-तीन मिनिटं. गरम असतानाच साखर भुरभुरा.

वाटण्याआधी मात्र एक काम. आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घ्यायचे. त्यांची जयंती २३ फेब्रुवारीला, आठवडाभर आधीच येते. म्हणून प्रत्येक पोट्टं एक लहान काम करतं. मागच्या वर्षी त्यांनी हापशीचा ओटा घासला. फोनवर लेकीला ओटा दाखवला. ती म्हणाली, "आई, शेवाळ पण निघालं गं!" मग केक वाटले.