नागपूरच्या उन्हाळ्यात रीफ टँक: या चुका टाळा

नवतपा लागला की शहरातल्या रीफ टँकवाल्यांची (म्हणजे घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत कोरल, प्रवाळं पाळणाऱ्यांची) तक्रार ठरलेली: कोरल मिटून बसलंय, पीएच पडलाय, कोणत्या रसायनाची बाटली घालू? बहुतेकदा कोणतीच नको. आधी सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजा.

टँक थंड ठेवायला आपण पाण्यावर पंखा सोडतो. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तो कूलरसारखाच काम करतो, दोन-तीन अंश सहज उतरतात. पण उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. २०० लिटरच्या टँकमधून ६ लिटर उडाले तर ३५ पीपीटीची (हजार भागांत ३५ भाग मीठ) सॅलिनिटी ३६ वर जाते, दुसऱ्या दिवशी ३७. सोबत अल्कलिनिटी (आम्ल झेलून पीएच टिकवण्याची पाण्याची क्षमता) आणि कॅल्शियमही वर सरकतात. म्हणून घटलेली पातळी रोज गोड्या पाण्याने भरायची, मिठाच्या पाण्याने नाही. पातळी घटली की आपोआप पाणी भरणारा फ्लोटवाला ऑटो टॉप-अप घेतलात तर ही कटकटच मिटते. जुलैत हवा दमट झाली की हाच पंखा निकामी होतो. तेव्हा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा एसी, तिसरा उपाय नाही.

आता हे गोडं पाणी कुठलं? बोअरवेलचं तर नकोच, आणि नळाचं पेंचचं पाणी माणसांना चांगलं असलं तरी टँकला थेट चालत नाही. स्वयंपाकघरातला आरओ इथे फसवतो. चवीसाठी तो थोडा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मुद्दाम ठेवतो, काही मॉडेल्समध्ये तर मिनरल किंवा कॉपरचं कार्ट्रिज असतं. तांबं कोळंबी, गोगलगायी आणि कोरल यांच्यासाठी विष आहे. आरओनंतर उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावा आणि टीडीएस मीटरवर शून्य आल्याशिवाय ते पाणी वापरू नका.

पीएचबद्दल माझं मत थोडं कडक आहे. हा आकडा नवख्यांना जेवढा पळवतो, तेवढा दुसरा कोणताच नाही. दारं-खिडक्या लावून एसी सुरू केला की खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच ७.८ च्या आसपास येतो. तिथे पीएच वाढवायच्या बफरची बाटली ओतली की पीएच तासाभरापुरता हलतो, अल्कलिनिटी मात्र चढूनच राहते. एक सोपी तपासणी करा: टँकचं पाणी ग्लासात घेऊन गॅलरीत ठेवा, एअर पंपाने तासभर बुडबुडे सोडा आणि पुन्हा मोजा. पीएच वाढला तर दोष खोलीतल्या हवेचा. स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढली तरी फरक पडतो.

अल्कलिनिटी ८ ठेवा किंवा ९ डीकेएच (ती मोजायचं एकक), पण रोज तीच राहू द्या. दिवसात एकापेक्षा जास्त डीकेएचची उडी अ‍ॅक्रोपोरासारख्या कोरलची टोकं जाळते. वाढवायची असेल तर १०० लिटरला साधारण ३ ग्रॅम खायचा सोडा म्हणजे १ डीकेएच. आरओ-डीआयच्या पाण्यात विरघळवून, प्रवाहात, हळूहळू घाला. कॅल्शियमचं द्रावण त्याच वेळी, त्याच जागी ओतू नका. पांढरा ढग उठला की दोन्ही वाया गेलेच. रोज डोस देऊनही अल्कलिनिटी टिकत नसेल आणि हीटर, पंपावर चुन्याचा थर चढत असेल, तर मॅग्नेशियम तपासा. ते १३०० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत १३०० भाग) आसपास हवं.

नायट्रेट, फॉस्फेट अगदी शून्यावर नेण्याचा हट्टही सोडा, कोरल फिकट पडतात आणि डायनो (डायनोफ्लॅजेलेट) या सूक्ष्मजीवांचा तपकिरी चिकट थर पसरतो.

एवढं सगळं मोजायचं ते उपकरणच चुकीचं दाखवत असेल तर? सॅलिनिटी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर नव्हे, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. टेस्ट किटची मुदतही बघा, उन्हाळ्यात तापलेल्या कपाटात ठेवलेलं किट मुदतीआधीच बिघडू शकतं.

आणि खरेदीचं: आपल्या समुद्रातली कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘लोकल माल आहे, स्वस्त लावतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडे आधी कागद मागा.