काउंटी जेलमध्ये आपला माणूस शोधताना या चुका टाळा

अमेरिकेत आपल्यातल्या कुणाला पोलिसांनी नेलंय असं कळलं की घरचे काय करतात, तर शहराचं नाव, पुढे जेल, पुढे इनमेट सर्च असं गूगलला टाकतात, वर येईल ती पहिली लिंक उघडतात, नाव टाईप करतात आणि नो रेकॉर्ड्स फाउंड आलं की घरात रडारड सुरू होते. तिकडे सांगली-नाशिकला आईवडील रात्रभर जागे, इकडे बायको नाहीतर रूममेट एका हातात फोन आणि एका हातात लॅपटॉप घेऊन बसलेले. आणि बहुतेक वेळा माणूस कुठे हरवलेला नसतो हो, शोध चुकीच्या जागी चाललेला असतो. म्हणून नाव टाकायच्या आधी दोन गोष्टी पक्क्या करा, अटक नेमकी कुठे झाली आणि कुणी केली, म्हणजे शहराचे पोलीस, शेरीफ (काउंटीचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचे पोलीस), स्टेट ट्रूपर (राज्याचे पोलीस), एफबीआय की आइस (केंद्र सरकारचं इमिग्रेशनवाल्यांना पकडणारं खातं). या दोन गोष्टी कळल्या की अर्धं काम झालं समजा.

घर कुठे आहे ते नको, पकडलं कुठे ते बघा

ही चूक सगळ्यात जास्त होते. माणूस राहतो सनीव्हेलला म्हणून सगळे सांता क्लारा काउंटीत शोधतात, पण गाडी थांबवली फ्रीमॉंटला, म्हणजे ती अलामेडा काउंटी, आणि त्यांचं मोठं जेल डब्लिनमधलं सांता रीटा. ह्यूस्टनचा बराचसा भाग हॅरिस काउंटीत येतो पण शुगर लँड पडतं फोर्ट बेंडमध्ये. फ्रिस्को तर अर्धं कॉलिन आणि अर्धं डेंटन काउंटीत आहे, त्यामुळे रस्त्याच्या कुठल्या बाजूला पकडलं त्यावर जेल बदलू शकतं. एकट्या टेक्ससमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि अख्ख्या देशात ३,१०० च्या वर, आणि स्थानिक जेलच्या सगळ्या याद्या एका ठिकाणी दाखवणारी सरकारी साइट नाही. व्हाइनलिंक नावाची एक सेवा आहे, ती बऱ्याच राज्यांतल्या जेलची माहिती एकत्र दाखवते आणि कैदी सुटला किंवा हलवला की फोनवर कळवते, ती १९९४ मध्ये केंटकीत लुईव्हिलला सुरू झाली कारण तिथे आदल्या वर्षी एका तरुणीचा तिच्याच जुन्या मित्राने खून केला होता, तो जामिनावर सुटलाय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उपयोगी आहे, पण सगळी जेलं तिच्यात नाहीत, तेव्हा तिथे नाव नाही म्हणून हातपाय गाळू नका.

दुसरं म्हणजे काउंटीच्या नावापुढे राज्य टाका. मिडलसेक्स काउंटी न्यू जर्सीत आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये आहे आणि कनेटिकटमध्येही आहे. ऑरेंज काउंटी म्हटलं की आपल्याला कॅलिफोर्निया आठवतं पण फ्लोरिडातलं ऑरलँडोही ऑरेंज काउंटीतच. भारतातून शोधणारे घरचे इथे हमखास फसतात, तासभर भलत्याच राज्याच्या यादीत नाव शोधत बसतात.

आणि काही ठिकाणी काउंटी जेल हा प्रकारच नाही. कनेटिकटने १९६० मध्ये काउंटी सरकारंच बंद केली, तिथे आणि ऱ्होड आयलंड, डेलावेअर, व्हरमाँट, हवाई, अलास्का इथे जेल आणि प्रिझन दोन्ही राज्याच्याच हाताखाली, त्यामुळे थेट राज्याच्या करेक्शन खात्याच्या, म्हणजे तुरुंग खात्याच्या, साइटवर जायचं. न्यू यॉर्क शहरात पाच काउंट्या आहेत, ब्रुकलिन म्हणजे किंग्ज काउंटी, स्टेटन आयलंड म्हणजे रिचमंड, पण जेल सगळं शहराच्या करेक्शन खात्याचं, रायकर्स आयलंड वगैरे. न्यू जर्सीत आणखी एक भानगड, काही काउंट्यांनी स्वतःचं जेल बंद करून कैदी शेजारच्या काउंटीत ठेवायला सुरुवात केलीय, युनियन काउंटीने २०२१ मध्ये आपले लोक एसेक्स काउंटीच्या जेलमध्ये हलवले. म्हणजे अटक एका काउंटीत आणि माणूस दुसरीकडे, आणि यात कुणी काही लपवत नसतं.

जेल, प्रिझन आणि आइस एकाच डब्यात टाकू नका

काउंटी जेलमध्ये खटला चालू व्हायचाय असे लोक असतात आणि साधारण वर्षभराच्या आतल्या शिक्षेचे. मोठी शिक्षा लागली की माणूस राज्याच्या प्रिझनमध्ये जातो, त्याची यादी वेगळी. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, केस असेल तर ब्युरो ऑफ प्रिझन्स या केंद्राच्या तुरुंग खात्याचा लोकेटर (कैदी शोधायचं पान), त्यात १९८२ पासूनची नावं आहेत, पण फेडरल केसमध्ये खटल्याआधी बऱ्याचदा यूएस मार्शल्स (फेडरल कोर्टाचे पोलीस) माणसाला भाड्याने घेतलेल्या काउंटी जेलमध्ये ठेवतात आणि तेव्हा तो ब्युरोच्या यादीत नसतो, काही वेळा काउंटीच्या यादीतही दिसत नाही. अशा वेळी फेडरल कोर्टाच्या पेसर या साइटवर केस शोधा, पानाला १० सेंट लागतात पण तिमाहीत ३० डॉलरपर्यंत बिल झालं तर ते माफ असतं.

व्हिसाच्या भानगडीत आइसने नेलं असेल तर काउंटीची साइट कितीही वेळा रिफ्रेश करा, उपयोग नाही. माणूस प्रत्यक्षात त्या काउंटीच्या इमारतीत असला तरी फेडरल नियमाप्रमाणे त्यांना आइसच्या ताब्यातल्या लोकांची माहिती द्यायला मनाई आहे. त्यासाठी आइसचा स्वतःचा डिटेनी लोकेटर वापरा. तिथे दोन रस्ते, एक ए नंबर (इमिग्रेशन खात्याने परदेशी माणसाला दिलेला नंबर) आणि जन्मदेश, दुसरा नाव-आडनाव आणि जन्मदेश. नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, जवळपासचं चालत नाही. ए नंबर नऊ आकडी असतो, कमी आकडे असतील तर पुढे शून्यं लावा. आपली मुलं म्हणतात माझ्याकडे ए नंबर नाहीच, पण ओपीटीवर (विद्यार्थ्यांना शिक्षणाशी संबंधित कामाची परवानगी) असाल तर वर्क परमिटच्या कार्डावर यूएससीआयएस नंबर छापलेला असतो, तोच तो. ग्रीन कार्डावरही असतो. या कार्डांचा फोटो घरच्यांपैकी कुणाकडे तरी आजच पाठवून ठेवा. आणि १८ च्या आतलं मूल या लोकेटरमध्ये दिसत नाही.

आपल्या नावांचं काय होतं

इथे खरी गाडी अडते, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्या पासपोर्टमध्ये गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतं. समजा सचिन दत्तात्रय एका रकान्यात आणि गायकवाड दुसऱ्यात. बुकिंग, म्हणजे जेलमध्ये आणल्याची नोंद, करणारा डेप्युटी (शेरीफचा पोलीस) समोरचं लायसन्स बघून टाईप करतो, मग कुठे फर्स्ट नेम सचिन आणि मिडल नेम दत्तात्रय, कुठे दोन्ही फर्स्ट नेममध्ये, कुठे मधली जागा उडून सचिनदत्तात्रय असा एकच शब्द. काही जणांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो, त्यांच्या व्हिसावर फर्स्ट नेमच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) येतं आणि सगळं नाव सरनेममध्ये जातं, आणि तोच एफएनयू पुढे जेलच्या यादीतही येऊ शकतो.

तर करायचं काय. पूर्ण नाव टाकूच नका. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं आणि नावाचं पहिलं अक्षर एवढंच टाका, बऱ्याच काउंट्यांच्या सर्चला हे चालतं. तरी नाही मिळालं तर वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकून बघा. मग स्पेलिंग, वाघ डब्ल्यूने की व्हीने, जाधवच्या शेवटी व्ही की ओ, भोसलेमध्ये मधला ए आहे की नाही, पवारमध्ये पीनंतर ए की ओ, हे सगळं एकेक करून बघावं लागतं. लग्न झालेल्या बाईचं लायसन्स माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या नावावर असेल तर दोन्ही नावांनी.

जन्मतारीख अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर. ५ ऑगस्टला जन्मलेला माणूस आपण ०५/०८ असा टाकतो आणि मशीन त्याला ८ मे समजतं. तारीख १२ च्या पुढची असेल तर साइट एरर तरी देते, बारापर्यंतची असेल तर गुपचूप माणूस सापडत नाही. शंका असेल तर तारखेचा रकाना मोकळा सोडा.

बुकिंग नंबर मिळाला तर मात्र तोच वापरा, नावाचा सगळा घोळ संपतो. आणि पहिल्यांदा फोन आला की तो लिहून घ्या, नंतर राहत नाही लक्षात.

तासाभरात नाव दिसायला हवं असं समजू नका

अटकेनंतर आधी बोटांचे ठसे, फोटो, तब्येतीची तपासणी, सामानाची नोंद, मग नाव सिस्टिममध्ये चढतं, गर्दीच्या जेलमध्ये याला बरेच तास जातात. आधी शहराच्या लॉकअपमध्ये ठेवून मग काउंटीकडे पाठवतात तेव्हा तर आणखी वेळ. न्यू यॉर्कमध्ये साधारण २४ तासांत जजपुढे उभं करतात, आणि तोपर्यंत माणूस सेंट्रल बुकिंगला (कोर्टाआधी ठेवायची पोलिसांची जागा) असतो, करेक्शन खात्याच्या यादीत नाहीच. तेव्हा तिथे राज्याच्या कोर्टाच्या साइटवर केस शोधणं जास्त कामाचं. हॉस्पिटलमध्ये नेलेला माणूसही काही वेळ यादीत नसू शकतो, आणि अल्पवयीन मुलांची नावं तर सार्वजनिक यादीत नसतातच.

काही काउंट्यांच्या साइट भारतातून उघडतच नाहीत, बाहेरच्या देशातून येणारं ट्रॅफिक त्यांनी बंद केलेलं असतं. घरच्यांना वाटतं साइट डाऊन आहे. अशा वेळी अमेरिकेतल्या कुणाला तरी बघायला सांगा किंवा सरळ जेलच्या बुकिंग डेस्कला फोन लावा, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि कुठे पकडलं एवढं सांगितलं की ते बहुधा आहे की नाही ते सांगतात. वेळेचं गणित करून फोन करा, कॅलिफोर्निया आपल्या मागे उन्हाळ्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा.

आणि अनोळखी नंबर कट करू नका. जेलमधून फोन येतो तो रेकॉर्ड केलेल्या आवाजात सुरू होतो, अमुक जेलमधून कॉल आहे, घ्यायचा असेल तर अमुक आकडा दाबा. सगळ्यांना तो स्पॅम वाटतो. घेतलात तर तब्येत, वकील, बुकिंग नंबर एवढंच बोला, केसबद्दल एक शब्द नको, ते कॉल रेकॉर्ड होतात आणि मराठीत बोललात म्हणून सुटका नाही.

नाव सापडलं, पुढे काय लिहिलंय ते नीट वाचा

रिलीज्ड दिसलं की लोक घरी चहा ठेवतात. पण रिलीज्ड म्हणजे दुसऱ्या काउंटीच्या किंवा आइसच्या ताब्यात दिला असंही असू शकतं, म्हणून रिलीजचं कारण बघा. होल्ड किंवा डिटेनर (दुसऱ्या खात्याने माणूस धरून ठेवायला सांगितलंय) असं काही दिसलं तर जामीन भरायला धावू नका. आइसचा डिटेनर म्हणजे सुटायच्या वेळेनंतर आणखी ४८ तासांपर्यंत माणसाला धरून ठेवा अशी विनंती, सगळ्या काउंट्या ती मानतात असं नाही, पण मानणारी असेल तर तुम्ही जामिनाचे पैसे भरता आणि माणूस दारातून थेट आइसच्या गाडीत. आधी क्रिमिनल वकील आणि इमिग्रेशन वकील दोघांशी बोला, मग पैसे.

पैसे मागणाऱ्यांपासून लांब

गूगलवर पहिल्या तीन-चार लिंक बऱ्याचदा जाहिराती असतात, काउंटीचं नाव मोठ्या अक्षरात, खाली लोडिंगची पट्टी फिरते, रेकॉर्ड सापडलं म्हणतात आणि मग कार्ड नंबर मागतात. काउंटीची स्वतःची यादी साधारणपणे फुकट असते. आधी काउंटीची सरकारी साइट उघडा आणि तिथून शेरीफ किंवा करेक्शनच्या पानावर जा.

याहून वाईट म्हणजे फोन. यादी सार्वजनिक असल्यामुळे नाव, गुन्हा, जामिनाची रक्कम सगळं चोरांनाही दिसतं, ते घरच्यांना गाठतात, मी डेप्युटी बोलतोय, आत्ता झेल (Zelle) या पैसे पाठवायच्या ॲपने नाहीतर गिफ्ट कार्डाने पैसे द्या, तासात सोडतो. कुठलंच जेल गिफ्ट कार्डावर जामीन घेत नाही. इलिनॉयमध्ये तर १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीनच बंद आहे आणि न्यू जर्सीत २०१७ पासून तो जवळपास नाहीच, तिथून कुणी जामिनाचे पैसे मागत असेल तर फोन ठेवा. जिथे बेल बॉण्ड (एजंटने तुमच्या वतीने जामीन राहणं) चालतो तिथे एजंट जामिनाच्या रकमेच्या साधारण १० टक्के घेतो आणि ते परत मिळत नाहीत, हेही आधी माहीत असू द्या. अटकेचा फोटो काढून टाकायला पैसे मागणाऱ्या साइट आहेत, कॅलिफोर्नियात २०१५ पासून असे पैसे घेणं बेकायदा आहे.

जुनं रेकॉर्ड आणि स्थळाची चौकशी

जेलची यादी आत्ता आत कोण आहे ते सांगते. सुटलेल्याचं नाव थोड्या दिवसांत जातं. जुनी गोष्ट हवी असेल तर कोर्टाच्या क्लर्ककडे केस शोधा, निकाल काय लागला तेही तिथेच कळतं. कागद हवेत म्हणून लोक एफओआयए हा आपल्या माहिती अधिकारासारखा फेडरल कायदा सांगून काउंटीला अर्ज करतात आणि तो परत येतो, कारण तो कायदा फेडरल खात्यांसाठी आहे. टेक्ससमध्ये पब्लिक इन्फर्मेशन ॲक्ट, न्यू जर्सीत ओपीआरए, न्यू यॉर्कमध्ये एफओआयएल, असा राज्याचा कायदा लिहा.

मुलीसाठी अमेरिकेतलं स्थळ आलं की आजकाल घरचे मुलाचं नाव अशा साइटवर टाकून बघतात. काळजी समजते, पण अटक म्हणजे गुन्हा सिद्ध नव्हे, केस रद्द झालेली असू शकते, आणि एकाच नावाचे दहा पाटील निघतात. जन्मतारीख आणि कोर्टाचा निकाल जुळल्याशिवाय कुणाच्या नावावर काही चिकटवू नका, एखाद्याचं आयुष्य असतं त्यात.

कॉन्सुलेटला आपोआप कळत नाही

१९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार परदेशी माणसाला अटक केली की तुझ्या कॉन्सुलेटला (देशाच्या वाणिज्य दूतावासाला) कळवू का असं विचारायला लागतं. पण भारतीयांच्या बाबतीत ते त्याच्या मागणीवर अवलंबून आहे, तो नको म्हणाला किंवा घाबरून गप्प राहिला तर कुणी कळवत नाही. म्हणून फोनवर बोलणं झालं की त्याला सांगा, कॉन्सुलेटला कळवा असं स्पष्ट म्हण. आणि घरच्यांनीही आपल्या बाजूने त्या राज्यासाठीच्या कॉन्सुलेटला ईमेल टाका, त्यात पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, काउंटी, जेलचं नाव आणि बुकिंग नंबर असू द्या.