स्वस्त घडीचा चाकू घेताय? या चुका टाळा

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर, मधल्या पेरावर, एक आडवी पांढरी रेघ आहे. जत्रेत दोनशे रुपयांना घेतलेल्या चाकूची ती आठवण. विकणाऱ्याने वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून सर्रकन चिरून दाखवला होता आणि मी तिथेच पाघळलो. पंधरा दिवसांनी सुतळीची आवळलेली गाठ सोडवायला टोक आत खुपसलं, जरा जोर दिला, आणि उघडलेलं पातं अडकवून ठेवणारं लॉक सुटून पातं माझ्याच बोटावर मिटलं. दोन टाके पडले. जखम अगदी सरळ होती, त्यामुळे धारेबद्दल माझी आजही तक्रार नाही.

पहिली चूक हीच, की आपण धार बघून चाकू घेतो. सपाट पत्र्याचा तुकडासुद्धा फिरत्या पट्ट्यावर घासून दिला तर दुकानात कागद कापतो. बोथट धार घरी निसण्यावर अर्ध्या तासात परत येते. पण पातं मुठीत जिथे फिरतं तो सांधा ढिला असेल, लॉक नीट बसत नसेल, तर घरी बसून फारसं काही करता येत नाही. म्हणून स्वस्तातला चाकू हातात घेतला की मी धारेकडे सगळ्यात शेवटी बघतो.

सांधा कसा बघायचा? पातं पूर्ण उघडा, मूठ घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याच्या दोन्ही सपाट बाजू धरून ते आधी डावी-उजवीकडे आणि मग वर-खाली हलवून बघा. या दोन हालचाली लोक एकच समजतात आणि इथेच गफलत होते. डावी-उजवीकडे किंचित हलत असेल आणि सांध्याला स्क्रू असेल, तर तो पाव फेरा आवळला की काम होतं. बऱ्याच चाकूंना चांदणीच्या आकाराचा टॉर्क्स स्क्रू असतो. मोबाईल दुरुस्तीच्या किटमध्ये टी ६ आणि टी ८ मापाची टोकं मिळतात, साध्या पेचकसाने झटापट करू नका, डोकं खराब होतं. असं हलणाऱ्या सांध्याला स्क्रूऐवजी ठोकलेली खीळ असेल तर चाकू दुकानातच ठेवून या. पातं वर-खाली हलत असेल तर मात्र दोष लॉकमध्येच आहे. तो स्क्रू आवळून जात नाही. दुकानदार “वापरून वापरून बसेल साहेब” म्हणतो, पण बसत नाही, वाढत जातं.

आता लॉक. स्वस्त चाकूंत बहुधा लायनर लॉक असतं, म्हणजे मुठीच्या आतला एक पत्रा स्प्रिंगसारखा सरकून पात्याच्या बुडाखाली येऊन टेकतो. मूठ उलटी करून तिथे नीट बघा. पत्रा पात्याच्या बुडाच्या जाडीच्या पाव ते निम्म्यापर्यंत आत आलेला असावा. नुसता काठाला टेकला असेल तर जोर पडताच सुटेल, माझा तसाच होता. नवाकोरा असताना पार पलीकडच्या टोकापर्यंत गेला असेल तर पुढे झिजायला जागाच उरलेली नाही. डावखुऱ्यांनी हेही बघावं की लॉक सोडायला अंगठा कुठून घालावा लागतो. बहुतेक लॉक उजव्या हाताच्या हिशेबाने केलेली असतात.

डोळ्यांनी बघून झालं की हलका दाब द्या. मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा, पातं मिटून बसतं त्या खाचेच्या आड एकही बोट येणार नाही अशी, आणि पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या काठावर हळूहळू दाबा. पातं मिटलंच तर ते रिकाम्या खाचेत जायला हवं, बोटावर नाही. काही हौशी लोक इथे पाठ टेबलावर दणादणा आपटतात. त्यातून चांगलं लॉकही बिघडतं आणि कळत काहीच नाही.

मात्र प्रत्येक घडीच्या चाकूला लॉक असतंच असं नाही. स्विस चाकूंतल्या नेहमीच्या ९१ मिलिमीटर मापात (मिटलेली लांबी) मोठं पातं नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर उभं राहतं, ते दाबलं की मिटणारच. “लॉक लागत नाही” म्हणून असा चाकू परत करायला निघालेला माणूस मी पाहिलाय. इथे स्प्रिंगचा जोर बघायचा. पातं उघडताना आणि मिटताना शेवटी टक्कन आवाज यायला हवा. मग चाकू खिडकीकडे धरा. स्प्रिंग आणि शेजारचा पत्रा यांच्या फटीतून उजेड दिसत असेल तर जोडणी ढिसाळ आहे. खिशातला कचरा आणि फळांचा रस तिथेच जाऊन बसतो.

मिटलेल्या चाकूकडे वरून बघितलं तर पातं दोन पत्र्यांच्या बरोबर मध्ये असावं असं सगळे सांगतात. असेल तर छानच. पण केसभर एका बाजूला आहे म्हणून नाक मुरडू नका. पत्र्याला घासत असेल तरच तो दोष.

पोलादाच्या नावावर भुलणं ही दुसरी मोठी चूक. पात्यावर नुसतं “स्टेनलेस” लिहिलं असेल तर त्यातून काहीच समजत नाही. चिनी चाकूंवर असतं तसं नाव मात्र वाचता येतं. ८सीआर१३एमओव्ही म्हणजे साधारण ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम. ३सीआर१३ मध्ये कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपास, म्हणजे पातं मऊ, धार लवकर जाणार. डी२ मध्ये कार्बन दीड टक्क्याच्या घरात असतो, धार टिकते, पण ते पुरतं स्टेनलेस नव्हे. रत्नागिरी-मालवणकडे पावसाळ्यात आठवडाभर ओलं ठेवलंत तर तांबडे ठिपके येणारच, तेव्हा विकणाऱ्याला शिव्या देऊ नका.

आणि नाव खरं असलं तरी निम्मंच कळतं. आपल्याकडे लोहार पात्याला पाणी देतात, म्हणजे तापवून बुडवतात आणि कठीण करतात. ते पाणी नीट दिलेलं नसेल तर भारी पोलादही मातीमोल. स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्यांची कठीणता रॉकवेल मापाने ५६ च्या आसपास असते. आजच्या हिशेबाने हा आकडा बेताचाच. तरी लोक ते चाकू वर्षानुवर्षं वापरतात, कारण प्रत्येक पात्याला पाणी सारखं मिळालेलं असतं आणि पातं पातळ असतं.

घरी बघायचं तर बारीक कानस घ्या आणि पात्याच्या बुडाजवळ, सहज दिसणार नाही अशा जागी पाठीवर एकदाच हलकेच चालवा. घसरली किंवा जेमतेम ओरखडा आला तर ठीक. लोण्यात शिरावी तशी चावली तर पातं मऊ आहे. कानस चालवायची नसेल तर दुसरा उपाय. घरी आल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्याच्या वीस-पंचवीस पट्ट्या कापा आणि धार ट्यूबलाइटखाली स्वतःकडे वळवून धरा. चांगली धार दिसत नाही, ती अंधारात हरवते. जिथे पांढरी चमक दिसते तिथे धार दुमडलेली किंवा चेपलेली असते. चमक अख्ख्या धारेवर असेल तर वाईट, पण लगेच निकाल देऊ नका. कारखान्यात फिरत्या पट्ट्यावर धार काढताना काठ तापतो आणि तेवढ्याच भागाचं पाणी उतरतं. निसण्यावर दोनदा धार लावा, तो भाग घासून जाऊ द्या आणि मग पुन्हा पुठ्ठा कापा. याच कारणाने कोरड्या चाकावर ठिणग्या उडवून धार लावून देणाऱ्याकडे घडीचा चाकू देऊ नये. काठावर निळसर छटा आली की समजा, पाणी उतरलं.

जाड पातं म्हणजे दणकट चाकू, हाही एक गैरसमज. सफरचंद किंवा गाजर कापून बघा. जाड पातं गाजर चिरत नाही, फोडतं. अर्ध्यावर जाऊन कटकन आवाज येतो आणि तुकडा उडतो. ट्रेकला काकडी आणि कैरी कापणाऱ्याला असलं पातं कशाला? वजनाचंही तसंच. खिशात जड लागणारा चाकू तीन दिवसांनी घरीच राहतो.

फ्रान्सच्या साव्हॉयमधला ओपिनेल चाकू मला यासाठीच आवडतो. १८९० पासून तो जवळपास त्याच घडणीचा आहे. लाकडी मूठ, पातळ पातं, एक खीळ, आणि १९५५ पासून पातं अडकवणारी फिरती कडी. तिकडे तो स्वस्तातलाच, आपल्याकडे आयातीमुळे महाग पडतो. पावसात त्याचं लाकूड फुगतं आणि पातं उघडता उघडत नाही. ती खराबी नव्हे. कडी फिरवून मोकळी करा, मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच ठोका, पात्याची पाठ थोडी वर येते आणि मग चिमटीत धरून पातं ओढा.

घेतल्यावरच्या कुरबुरींचं थोडक्यात. पातं जड फिरत असेल तर आधी स्क्रू ढिला करू नका, गरम साबणपाण्याने धुवा, पुरतं वाळवा आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. पात्यावर आलेलं तेल खाण्याआधी पुसा. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होऊन धूळ धरतं. लॉक सोडताना पत्रा चिकटत असेल तर पात्याच्या बुडावर, पत्रा टेकतो तिथे, शिसपेन्सिल घासा. स्क्रू आपोआप सैल होत असेल तर काढून त्याच्या आट्यांवर नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि परत बसवा. उलट स्क्रू हलतच नसेल तर कारखान्यात डिंक लावलेला असतो. सोल्डरिंग गनचं तापलेलं टोक मिनिटभर स्क्रूच्या डोक्यावर टेकवा, मग फिरवा.

राहिला कायदा. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीच्या वापराची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. पण सणासुदीला किंवा निवडणुकीत पोलीस शस्त्रबंदीचे आदेश काढतात, त्या दिवसांत चाकू घरीच असू द्या. विमानात हातसामानात चालत नाही. ट्रेकची सॅक तशीच उचलून विमानतळ गाठणाऱ्यांनी पुढचा छोटा कप्पा आदल्या रात्री उघडून बघावा.