झोटेरोत पीडीएफ सापडत नाही? आधी काहीही डिलीट करू नका

माझ्या संशोधनाचा विषय निपाणी भागातले तंबाखू उत्पादक आणि त्यांचं १९८१ चं आंदोलन. आठवडाभर मी बेळगावात, टिळकवाडीतल्या खोलीवर असते, शनिवार-रविवार निपाणीला घरी. खोलीवर उबुंटूचा (लिनक्सचा) लॅपटॉप, घरी धाकट्या भावाचा विंडोजचा कॉम्प्युटर. दोन्हीकडे झोटेरो, म्हणजे संदर्भांच्या नोंदी आणि त्यांच्या पीडीएफ सांभाळणारं सॉफ्टवेअर, खातं एकच. एका शनिवारी घरी १८८४ चं बेळगाव गॅझेटियर उघडायला गेले तर फाइल सापडत नाही असा निरोप. मग दुसरी, तिसरी, तीच गत. नोंदी जागच्या जागी, पण पीडीएफ एकही उघडेना.

घाबरून मी सात-आठ नोंदी उडवल्या आणि फाइली नव्यानं टाकल्या. तुम्ही हे करू नका. प्रबंधाच्या प्रकरणात दिलेले संदर्भ जुन्या नोंदीला बांधलेले असतात, ते नव्या नोंदीला आपोआप जोडले जात नाहीत. झोटेरोच्या पीडीएफ रीडरमध्ये रंगवलेल्या ओळीही जुन्या फाइलीच्या नोंदीबरोबरच जातात. उडवलं असेलच तर लगेच ट्रॅशमध्ये जाऊन परत आणा. एरवी ३० दिवसांनी तो आपोआप रिकामा होतो.

आता फाइल कोणत्या जातीची आहे ते बघा. चिन्हावर छोटी साखळी असेल तर ती लिंक केलेली, म्हणजे झोटेरोबाहेरच्या फोल्डरात ठेवलेली. साखळी नसेल तर ती झोटेरोच्या स्वतःच्या साठवणीत आहे, आणि बहुतेक वेळा पहिल्या कॉम्प्युटरवरून झोटेरोच्या सर्व्हरवर चढलेलीच नसते. तिथं फुकट मिळणारी जागा ३०० एमबी. स्कॅन केलेली चार जाड पुस्तकं टाकली की भरते. सिंकच्या सेटिंगमध्ये फाइल सिंकिंग चालू आहे का आणि जागा उरली आहे का, एवढं बघितलं की उलगडा होतो.

साखळीवाल्या फाइलींचं दुखणं वेगळं. झोटेरो त्या फाइली सिंक करतच नाही, फक्त त्यांचा पत्ता पाठवतो. माझ्या या पीडीएफ ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे इंटरनेटवरून दोन्ही कॉम्प्युटरवर सारख्या राहणाऱ्या फोल्डरात. नोंदलेला पत्ता लॅपटॉपच्या होम फोल्डरातला. भावाच्या कॉम्प्युटरवर ड्रॉपबॉक्स डी ड्राइव्हमध्ये. फाइली तिथं होत्या, भाऊ फोल्डर उघडून दाखवत होता, "ताई, इथं उघडतंय बघ की!" पण झोटेरो लॅपटॉपच्या पत्त्यावर शोधत होता.

यावर उपाय म्हणजे लिंक्ड अटॅचमेंट बेस डिरेक्टरी. सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, तिथं फाइल्स अँड फोल्डर्सखाली ती सापडते. यात क्रम महत्त्वाचा. ज्या कॉम्प्युटरवर फाइली उघडतायत तिथं आधी जा, पीडीएफचा मुख्य फोल्डर बेस म्हणून निवडा आणि जुने पत्ते बदलायला होकार द्या. आता पूर्ण पत्त्याऐवजी बेसपासून पुढचा भागच नोंदला जातो. सिंक पूर्ण होऊ द्या. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर तिथला तोच फोल्डर निवडा. हे सेटिंग सिंक होत नाही, प्रत्येक कॉम्प्युटरवर हातानंच करावं लागतं. आतल्या उपफोल्डरांची मांडणी मात्र दोन्हीकडे सारखीच हवी.

ड्रॉपबॉक्समध्ये ठेवायचा तो फक्त पीडीएफचा फोल्डर. झोटेरोचा डेटा फोल्डर, ज्यात झोटेरो डॉट एसक्यूलाइट ही फाइल असते, तो तिथं कधीही ठेवू नका. डेटाबेस खराब होऊ शकतो.

एवढं केल्यावर माझं गॅझेटियर उघडलं, विडी कामगारांवरचे लेख उघडले. पण काही मराठी नावाच्या फाइली अडून बसल्या. "शेतकऱ्यांच्या मागण्या", "व्यापाऱ्यांची बाजू", "दुसऱ्या दिवशीची बातमी". तासभर काही सुचेना. मग फोल्डरात "शेतकऱ्यांच्या मागण्या" नावाच्या दोन फाइली शेजारी-शेजारी दिसल्या, अक्षर न् अक्षर सारखं. एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत, म्हणजे नावं वेगळी होती. फरक त्या 'ऱ्य'त होता. आपला हा अर्धा र दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो: कुठं 'ऱ' ला हलन्त देऊन, कुठं साध्या 'र्' पुढं न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना एकच, कॉम्प्युटरला वेगळं. मी काही नावं फोनवर दिली होती आणि काही घरी पुन्हा टाइप केली होती, तिथंच गफलत झाली.

अशा फाइलीसाठी निरोपाच्या चौकटीतलं लोकेट बटण दाबून खरी फाइल दाखवा, ती जोडली जाते. मग नाव बदलायचंच असेल तर झोटेरोच्या आतूनच बदला. बाहेर फोल्डरात जाऊन नाव बदललं की लिंक तुटलीच. इंग्रजी नावांत कॅपिटल आणि लहान अक्षरंही जपा. विंडोज एरवी फरक करत नाही, उबुंटू करतो.

शेवटी दोन्ही कॉम्प्युटरवर इंटरनेट बंद करून चार-पाच फाइली उघडून बघा. विंडोजवर ड्रॉपबॉक्सनं फाइल फक्त ऑनलाइन ठेवली असेल तर नाव दिसतं, पण ती उघडत नाही. इंटरनेट पुन्हा चालू करून त्या फोल्डरावर राइट-क्लिक करा, तो ऑफलाइनसाठी उपलब्ध करा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा. लॅपटॉपवरची तपासणी मी शुक्रवारी रात्रीच करते, शनिवारी सकाळी निपाणीची बस असते.